एलडीएल कुणी मोजलंच नव्हतं!

२४२ वजा ५३ वजा १३, बरोबर १७६. मी कॅल्क्युलेटरवर केलं, मग तोंडी केलं, मग कपाटातून गेल्या वर्षीचा रिपोर्ट शोधून काढला आणि त्यावरही केलं: १९८ वजा ३६ वजा ४२, बरोबर १२०. तंतोतंत! एका आकड्याचाही फरक नाही! ज्यांची हयात ताळेबंद जुळवण्यात गेली आहे त्यांना कळेल, माझ्या अंगावर काटा का आला ते. खरोखर मोजलेल्या गोष्टी हिशेब असा जुळू देत नाहीत. गल्ला वेगळा मोजा, बँकेचं स्टेटमेंट वेगळं बघा, दोन-चार रुपयांचा घोळ राहतोच. पहिल्या फटक्यात पैशापर्यंत जुळलं की आमच्या धंद्यात एकच शंका येते: यातला एक आकडा मोजलेला नाही, बाकीच्यांवरून काढून तिथे बसवलाय. आम्ही त्याला बॅलन्सिंग फिगर म्हणतो. आणि इथे ती कुठली निघाली? नेमकी तीच, जिच्यापुढे ठळक टायपात ‘हाय’ छापलं होतं, जिच्यापायी सासूबाईंनी देवापुढे जादा दिवा लावला होता आणि नवऱ्याने फ्रिजमधला लोण्याचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला होता. एलडीएल! वाईट कोलेस्टेरॉल!

रिपोर्टाच्या एका कडेला बारीक अक्षरात पद्धतीचा रकाना असतो. तो कुणी वाचत नाही. मी वाचला. एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल, या तीन ओळींपुढे रसायनांची लांबलचक नावं. व्हीएलडीएलपुढे ‘कॅल्क्युलेटेड’. एलडीएलपुढे ‘कॅल्क्युलेटेड’. म्हणजे प्रयोगशाळेने मोजले तीनच आकडे, आणि बाकीचे दोन हिशेबाने आले! आता ट्रायग्लिसराइडला ५ ने भागा. माझं ६५, भागिले ५, तेरा. गेल्या वर्षीचं २१०, भागिले ५, बेचाळीस. तेच व्हीएलडीएल! त्या रात्री मी झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल.

जरा मागे जाते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई कशाने एवढी नाचतेय. मी नेरूळला राहते आणि एपीएमसीच्या दाणाबाजारातल्या काही व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. दिवसभर कोलम, आंबेमोहोर आणि इंद्रायणीच्या बिलांत बुडालेली असते. अशा बाईने भात सोडला, याची बाजारात बरीच चेष्टा झाली. कारण साधं होतं. ऑफिसच्या तपासणीत साखर काठावर, ट्रायग्लिसराइड २१० आणि कंबरेचा घेर कुर्त्यांच्या मापात न मावणारा. म्हणून काही महिने भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा, साबुदाणा हे सगळं ताटाबाहेर काढलं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि आपण काही १०० ग्रॅमवर थांबत नाही. त्याऐवजी अंडी, पनीर, बांगडा, कोळंबी, शेपू, मेथी, भरपूर ताक, दोडक्याच्या शिरांचीसुद्धा चटणी. आणि भूक भागावी म्हणून तूप, खोबरं आणि साय सढळ हाताने. वजन उतरलं, दुपारची पेंग गेली, साखर सुधारली. आणि मग हा रिपोर्ट. एकूण कोलेस्टेरॉल १९८ वरून २४२, एलडीएल १२० वरून १७६!

नातेवाइकांचा निकाल तत्काळ लागला: डाएट बंद कर. पण माझ्यासमोर आता सूत्र होतं, आणि सूत्राला इतिहास असतो. तो शोधत गेले, तर सापडलं १९७२ साल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिक्सन हे तीन संशोधक. तेव्हा एलडीएल खरोखर मोजायचं तर रक्तद्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये तासन् तास फिरवावा लागे. ते यंत्र महागडं, वेळखाऊ आणि गावोगावी असणं अशक्य. या तिघांनी ४४८ जणांचे आकडे घेऊन दाखवलं की व्हीएलडीएलमधलं कोलेस्टेरॉल साधारणपणे ट्रायग्लिसराइडच्या एक पंचमांश धरता येतं, आणि ते आणि एचडीएल एकूणातून वजा केलं की एलडीएल हाती लागतं. अल्ट्रासेंट्रिफ्यूजची गरजच उरली नाही! गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभरातले डॉक्टर या वजाबाकीवर गोळ्या लिहून देत आलेत. मला तर हे वाचून त्या तिघांविषयी माया वाटायला लागली. किती काटकसरी माणसं!

पण ‘साधारण एक पंचमांश’ हा शब्दप्रयोग हिशेबनिसाच्या कानाला खटकतो. तो पाचाचा भाजक सगळ्यांना सारखा कसा लागेल? नाहीच लागत. ट्रायग्लिसराइड चढलं की खरा भाजक पाचाच्या वर सरकतो, फार उतरलं की खाली येतो. म्हणजे माझं ट्रायग्लिसराइड २१० होतं तेव्हा सूत्राने माझं एलडीएल थोडं कमी दाखवलं असणार, आणि ते ६५ वर आलं तेव्हा थोडं जास्त! दोन्ही टोकांना चूक, आणि दोन्ही वेळा एकमेकींच्या विरुद्ध दिशेने! ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर सूत्र वापरायचंच नाही, हे त्या तिघांनीच सांगून ठेवलंय. पुढे २०१३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या मार्टिन यांनी एका पाचाऐवजी भाजकांचा अख्खा तक्ताच तयार केला. काही प्रयोगशाळा आता तो वापरतात. तुमच्या रिपोर्टात कुठली पद्धत आहे, ते त्या बारीक अक्षरांत असतं.

तर मग मी एलडीएल थेट मोजणारी चाचणी करून घ्यायची ठरवली. आता हे नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला किती सोपं आहे, बघा. तुर्भ्याच्या एमआयडीसीत थायरोकेअरची ती अवाढव्य प्रयोगशाळा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात नोकरी केलेल्या डॉ. वेलुमणी यांनी १९९६ साली सुरू केलेल्या या उद्योगात देशाच्या कानाकोपऱ्यातून रक्ताच्या नळ्या विमानाने रातोरात यायच्या. तुर्भ्यावरून मी रोज जाते. एका बाजूला दाणाबाजार, जिथून मुंबईचा तांदूळ जातो, आणि थोडं पलीकडे ती यंत्रं, जिथे त्या तांदळाचं रक्तात काय झालं ते उमटतं! हे माझ्या डोक्यात आल्यावर मी रिक्षात एकटीच हसले.

घरी नमुना न्यायला आलेला मुलगा मोठा हसतमुख होता. कामोठ्याहून आला होता, आमच्या आधी दोन घरं करून. मी त्याला एवढे प्रश्न विचारले की त्याने शेवटी नळीच माझ्या हातात दिली. पिवळ्या टोपणाची नळी, तळाशी पांढुरका जेलचा थर. रक्त त्यात गोठतं, मग यंत्रात जोरात फिरवलं की लाल भाग खाली दबतो, मधे जेलचं बूच बसतं आणि वर फिकट पिवळा द्रव राहतो, तो तपासायचा. तो म्हणाला, “काकू, काही लोकांचा हा वरचा भाग दुधासारखा पांढरा येतो. नळी बघूनच कळतं, ट्रायग्लिसराइड किती चढलंय ते.” दुधासारखा! रक्तातलं तूप डोळ्यांनी दिसतं! मी विचारलं, “माझा कसा येईल?” तो म्हणाला, “ते तुमच्या कालच्या जेवणावर.” हुशार मुलगा.

आणि खरंच, ट्रायग्लिसराइड हा जेवणाचाच आकडा आहे, फक्त आपल्याला वाटतं त्या जेवणाचा नाही. मला वाटायचं, तेलतूप खाल्लं की रक्तात तेलतूप. पण उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्यातलं ट्रायग्लिसराइड मुख्यतः यकृतातून आलेलं असतं. गरजेपेक्षा जास्त पीठ-साखर पोटात गेली, इन्सुलिन चढं राहिलं, की यकृत त्या साखरेची चरबी बनवतं आणि व्हीएलडीएलच्या कणांत भरून रक्तात सोडतं. भात बंद झाला, कच्चा माल थांबला. २१० चे ६५!

इथून पुढे तर मजाच आहे. रक्तात एक प्रथिन आहे, ते कणाकणांत अदलाबदल घडवत बसतं. व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला आणि एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलला. ट्रायग्लिसराइडने भरलेला एचडीएल कण रक्तात फार टिकत नाही. म्हणून ज्यांचं ट्रायग्लिसराइड वर, त्यांचं एचडीएल बहुतेकदा खाली. ते दोन स्वतंत्र आकडे नाहीतच! माझं एचडीएल ३६ होतं, बायकांना ५० च्या वर हवं असतं. ट्रायग्लिसराइड उतरलं तसं ते ५३ झालं. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागलं तर गेल्या वर्षी ५.८, आता १.२. हे गुणोत्तर तीनच्या वर असेल तर शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची शंका घेतात. माझ्या रिपोर्टात हे गुणोत्तर छापलेलंच नव्हतं, आणि सगळ्यात मोठी बातमी तर तीच होती.

आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथे केलेल्या पाहणीचे आकडे २०१४ साली आले. त्यात ७२ टक्क्यांहून अधिक लोकांचं एचडीएल कमी होतं, तर एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले फक्त १४ टक्क्यांच्या आसपास! आपला खरा रोग कमी एचडीएल, आणि आपण घाबरतो एकूण आकड्याला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं हेच वेगळ्या तऱ्हेने सांगतायत: भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स हुबेहूब २२.३. शरीरातली चरबी? यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! स्वतःलाच पुरावा म्हणून उभं करणारा डॉक्टर मला फार आवडला. आणि माझा भाऊ, जो ‘मी कुठे जाड आहे’ म्हणून गोडाचं दुसरं ताट मागवतो, त्याला मी तो फोटो पाठवला. त्याच्याविषयी पुढे सांगते.

आता एवढ्यावर थांबले असते तर मीही त्या मंडळींत जमा झाले असते, जी म्हणतात की ट्रायग्लिसराइड उतरलं, एचडीएल चढलं, आता एलडीएल कितीही होऊ दे. थेट मोजलेलं एलडीएल आलं १६८. म्हणजे सूत्राने मला आठ आकडे जास्त दाखवले होते, गेल्या वर्षी थोडे कमी दाखवले असतील, पण मधली वाढ खरीच! वजाबाकीला दोष देऊन ती पुसता येत नाही. आणि एकूण वजा एचडीएल, ज्याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि ज्यात कुठलाही अंदाज नाही, तेही १६२ वरून १८९ झालं होतं. हा आकडा मात्र ठाम बोलतो.

यासाठी मी नेरूळच्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. हातात दोन रिपोर्ट आणि एक्सेलची शीट. त्या हसल्या, पण शीट नीट वाचली. त्यांनी आधी दोन-तीन गोष्टी बाजूला काढल्या. थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतं, म्हणून टीएसएच बघितलं. ते ठीक होतं. पाळी जाण्याच्या वयात बायकांचं एलडीएल चढतंच, ते थोडं धरा, म्हणाल्या. आणि वजन झपाट्याने उतरत असताना चरबीच्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉलही रक्तात येतं, म्हणून वजन एका जागी ठरल्यावरचा रिपोर्ट जास्त विश्वासाचा. मग त्यांनी एक नवीन नाव लिहिलं: ॲपो-बी. आणि मी परत वेडी झाले!

कारण एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉलचं वजन, आणि ॲपो-बी म्हणजे कणांची संख्या. दाणाबाजारातून संध्याकाळी टेंपो निघतात, तसं समजा. पन्नास टन तांदूळ बाहेर गेला, एवढंच एलडीएल सांगतं. पण तो मोठ्या ट्रकांतून गेला की छोट्या टेंपोंतून, हे त्यावरून कळत नाही, आणि सायन-पनवेल रस्त्यावर कोंडी होते ती टनांनी नाही, गाड्यांच्या संख्येने. प्रत्येक एलडीएल कणावर, प्रत्येक व्हीएलडीएल कणावर ॲपो-बीचा एक आणि एकच रेणू असतो. नंबरप्लेटच! तो मोजला की गाड्या मोजल्या. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून अडकतात त्याही गाड्याच. भात-साखरेवर वाढलेल्या रक्तात छोट्या गाड्या जास्त असतात, माझ्यात आता मोठ्या असाव्यात, कारण ॲपो-बी आलं ११८. एलडीएलच्या मानाने कमी. पण कमी म्हणजे चांगलं नव्हे. डॉक्टरीणबाईंनी त्या आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि विचारलं, “तूप किती खाता?”

आता तूप. भात गेल्यावर माझं ताट तुपावर, नारळावर आणि सायीवर उभं होतं. खोबरेल तेलात जवळजवळ नव्वद टक्के चरबी संपृक्त असते, तुपात निम्म्याहून जास्त, शेंगदाणा तेलात सुमारे पाचवा हिस्सा. यकृताच्या पेशींवर एलडीएल कण पकडून आत ओढणारे ग्राहक असतात. ते शोधणारे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी फार झाली की हे ग्राहक कमी काम करतात, कण रक्तात फिरत राहतात. म्हणजे बघा! ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल सांगतात भात किती खाल्ला, आणि एलडीएल सांगतं तूप किती खाल्लं! एकाच कागदावर दोन वेगवेगळ्या थाळ्यांचा जाब! भात सोडणं आणि तूप धरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि लो-कार्ब म्हणजे तुपाची परातच असं कुणी ठरवलं?

मी तर लगेच स्वयंपाकघरात घुसले. भात नाहीच. फोडणी शेंगदाणा तेलाची, तूप आमटीवर चव येण्यापुरतं. सोलकढी रोजची होती, ती रविवारची झाली. पनीर अर्धं केलं, त्या जागी दिवाळ्याच्या मासळीबाजारातला बांगडा आणि मांदेली. खोबऱ्याच्या चटणीच्या जागी जवसाची आणि कारळ्याची चटणी. कारळं! आमच्या आजीचं खाणं, मी किती वर्षांत घरात आणलं नव्हतं. तव्यावर भाजताना तो काळा वास अख्ख्या मजल्यावर पसरला आणि समोरच्या काकू वाटी घेऊन आल्या. अंडी तशीच ठेवली, कारण बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम मोठा. आणि रात्री इसबगोल. त्याचीही गंमत आहे: तो विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला कोलेस्टेरॉल लागतं, आणि यकृत ते रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं. पोट साफ व्हायला म्हणून घरोघरी घेतात त्या भुशीत एवढी करामत!

वजन ठरल्यावर परत तपासणी केली. एकूण २०१, ट्रायग्लिसराइड ७०, एचडीएल ५४, थेट मोजलेलं एलडीएल १२९. भात न खाताच! (सूत्राने करून बघा: २०१ वजा ५४ वजा १४, १३३. आता चारच आकड्यांचा फरक.) बाजारातल्या शेठना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हणजे आमचा तांदूळ निर्दोष?” नाही हो शेठ, तांदळाची केस वेगळी चालू आहे!

एक सांगायलाच हवं, कारण बाजारातल्या एका हमालदादांनी माझं बघून दुसऱ्याच दिवशी भाकरी सोडायचं ठरवलं होतं. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. गोळी तीच आणि भाकरी बंद, तर साखर धाडकन खाली येते आणि माणूस पोतं पाठीवर असताना कोसळू शकतो. आधी डॉक्टर, मग भाकरी. त्यांना मी महापालिकेच्या वाशीच्या हॉस्पिटलात पाठवलं.

मग शेवटचा आकडा, लायपोप्रोटीन-ए. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात धोका कमी असणाऱ्यांनाही एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह-रक्तदाबवाल्यांना ७० च्या खाली आणि ज्यांना हृदयविकार होऊन गेलाय त्यांना ५५ च्या खाली ठेवायला सांगितलंय. आणि आयुष्यात एकदा तरी लायपोप्रोटीन-ए तपासा, असंही. हा एलडीएलसारखाच कण, वर आणखी एक प्रथिन गुंडाळलेला. भात सोडा, तूप सोडा, रोज ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात चकरा मारा, तो जवळजवळ हलत नाही. आईवडिलांकडून येतो. ५० च्या वर गेला तर धोका, आणि आपल्याकडे साधारण चौघांत एकाचा वर असतो. माझा आला ६१.

त्यावरून सगळं गणित बदललं. १२९ हा आकडा कुणा दुसरीला कदाचित चालून गेला असता, माझ्यासाठी डॉक्टरीणबाईंनी तो पुरेसा धरला नाही. पुढच्या भेटीत गोळीचं बोलायचं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट उत्सुकता वाटली, कारण स्टॅटिनची गोष्ट मी तोवर वाचली होती! जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या आणि कोलेस्टेरॉल अडवणारं पहिलं स्टॅटिन त्यांना कशात सापडलं? तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत! क्योटोतल्या धान्याच्या दुकानातला तांदूळ! आज मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या कारखान्यात बनतात, पण त्यांची पणजी तांदळावर वाढली. भात मी दारातून घालवला, तो खिडकीतून औषध होऊन येतोय. दाणाबाजारात हे सांगितल्यावर दोन शेठनी मला चहा पाजला. बिनसाखरेचा.

लायपोप्रोटीन-ए आईवडिलांकडून येतो, म्हणजे भावालाही असू शकतो. मी त्याच्या मागे लागून त्याला तपासणी करायला लावली. तो पनवेलला राहतो, काटकुळा आहे, आणि शनिवारी मित्रांबरोबर ‘थोडीशी’ घेतो. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्याचा फोन.

“ताई, तुझं ते एलडीएल आहे ना, माझं आलंच नाही. रकान्यात नुसती रेघ आहे. म्हणजे नॉर्मलच ना?”

“ट्रायग्लिसराइड किती आहे?”

“चारशे बासष्ट.”

मी खुर्चीतून उठलेच. चारशेच्या वर! सूत्र बंद! म्हणून रेघ! मी त्याला म्हटलं, एकूण सांग, एचडीएल सांग. २१४ आणि ३१. मी कागदावर मुद्दाम करून बघितलं: ४६२ भागिले ५, ब्याण्णव, २१४ वजा ३१ वजा ९२, एक्याण्णव. कुणी डोळे झाकून सूत्र चालवलं असतं तर याला एलडीएल ९१ म्हणून शाबासकी मिळाली असती! त्या प्रयोगशाळेने रेघ मारली, फार प्रामाणिक काम केलं.

“अरे, रेघ म्हणजे नॉर्मल नाही, रेघ म्हणजे मोजता आलं नाही. एलडीएल थेट मोजून घे, ॲपो-बी सांग, तीन महिन्यांची साखर कर आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. पाचशेच्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आणि ते शनिवारचं बंद. दारूने ट्रायग्लिसराइड चढतं.”

“आणि भात?”

“भाताचं नंतर बघू. आधी कागद घे आणि २१४ मधून ३१ वजा कर.”

“का?”

“कर तर!”

“एकशे त्र्याऐंशी.”

“हे तुझं नॉन-एचडीएल. एकशे तीसच्या आत हवं. आता वहिनीला फोन दे.”